डाव्या कानात वाचायचं कलम

मी, लिबेरो तांपिएरी, दिवंगत पेलेग्रीनो तांपिएरी यांचा मुलगा, वय त्र्याऐंशी, अविवाहित, धंदा जुन्या लाउडस्पीकरच्या खोक्यांवरच्या धातूच्या पट्ट्या दुरुस्त करणे, राहणार बोर्गो सेल्वा, जिल्हा राव्हेन्ना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. स्मरणशक्ती नको तेवढी चांगली आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. माझी धाकटी बहीण दिर्चे स्वयंपाकघरातून अधूनमधून "झालं का रे?" असं विचारते, पण त्याला मी दबाव धरत नाही, कारण ती हे लहानपणापासून विचारत आली आहे.

लिहिण्याचं कारण असं की या महिन्याच्या अखेरीस राव्हेन्नाच्या इस्पितळात माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, "आजोबा, काळजी करू नका, झडप बसवणं आमचं रोजचं काम आहे." मी म्हटलं, "पट्टी बसवणं माझंही रोजचं काम आहे, तरी एखादी निसटतेच." यावर तो हसला नाही. मी घरी येऊन कागद काढला.

नोटरी गार्दिनीबाई यांनी सांगितलं की हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. अक्षर माझं, सही माझी आणि वर तारीख, एवढं पुरे. तरीही मी दोन साक्षीदार घेतले आहेत. साक्षीदाराशिवाय झालेली गोष्ट आमच्या गावाला खरी वाटत नाही, आणि चारचौघांसमोर झालेली खोटी वाटत नाही. मला या दुसऱ्या सवयीचा बराच त्रास झालेला आहे.

आता वाचनाविषयी सूचना. दिर्चेचा डावा कान गेला आहे. आयुष्यभर शनिवारी संध्याकाळी गावच्या नाचघरात डाव्या स्पीकरला खेटून बसल्यावर दुसरं काय होणार. तेव्हा माझ्या पश्चात हे वाचून दाखवताना बाईंनी तिच्या उजव्या बाजूला बसावं. कलम सात आलं की मात्र उठावं, खुर्ची डावीकडे न्यावी आणि ते कलम तिकडून वाचावं. तिने विचारलंच तर "कायद्याची भाषा आहे" म्हणावं. ही सूचनासुद्धा अर्थात डावीकडूनच वाचायची आहे.

हा खटाटोप कशासाठी, तेही सांगतो. आमच्या गावात एखादी चांगली वस्तू जास्त घासून कोणी बिघडवली, की "लिबेरो केलं" असं म्हणतात. सुनेनं सासूची कढई लिबेरो केली. पोरानं बापाची सायकल लिबेरो केली. बाहेरून लग्न होऊन आलेल्या मुली हा शब्द आधी शिकतात आणि मग एक दिवस माझी ओळख करून दिल्यावर चमकून बघतात. माणूस मेल्यावर त्याचं नाव मागे राहावं म्हणतात, पण या रीतीनं नव्हे. ज्यावरून हा शब्द निघाला ते मी बिघडवलं नव्हतं, एवढं एक वाक्य मरण्याआधी कुठेतरी कागदावर यायला हवं आहे. आणि ते दिर्चेला कळायला नको आहे. दोन्ही एकदम कसं जमवायचं यावर मी सगळा हिवाळा घालवला, आणि कानाहून बरी युक्ती सुचली नाही.

कलम एक. घर. घर आम्हा दोघांच्या नावावर आहे. माझा अर्धा हिस्सा दिर्चेला. आमच्या दिवंगत बहिणीचा मुलगा लोरिस दर नाताळात जेवण झाल्यावर म्हणतो, "मामा, वरच्या मजल्यावर पर्यटकांसाठी खोल्या काढूया का?" मी दर नाताळात "बघू" म्हणत आलो. आता बघितलं. नाही काढायच्या.

कलम दोन. मोटार. मोटार लोरिसला. त्याबदल्यात त्याने मावशीला दर बुधवारी लूगोच्या बाजारात न्यावं आणि आणावं. ती मोटारीत बसल्याबसल्या तो कसा चालवतो हे सांगेल. त्यावर काही बोलायचं नाही. मी गियर बदलताना शीळ घालायचो, त्याने बरं वाटतं.

कलम तीन. शिल्लक आणि अंत्यविधी. पोस्टात जे काही आहे त्यातून अंत्यविधी व्हावा, उरेल ते दिर्चेला. वडिलांनी माझं नाव लिबेरो, म्हणजे मोकळा, असं ठेवलं ते मी पाद्र्यांपासून मोकळा राहावं म्हणून. त्यांना बहिणींची कल्पना आली नाही. असो, पाद्री नको. बँड चालेल, मात्र संथ चालीचं काही वाजवू नये, माझ्या वयाचे लोक चालता चालता झोपतील. नाचघराचा मालक आतेओ बाबीनी रडू लागला तर त्याला हाताला धरून बाहेर न्यावं. तो सुरू झाला की लवकर आवरत नाही.

कलम चार. कारखाना. म्हणजे अंगणातली गाड्या ठेवायची खोली, तिच्यातलं टेबल, ऐरण, लाकडी हातोड्या, पॉलिशच्या बफची मोटर, पातळ पात्यांचा संच आणि खिळ्यांचे डबे. हे सगळं ओर्नेल्ला गॉत्तीला. मोज्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा ती "दोन महिने बसू द्या" म्हणून आली होती आणि आता तिचे केस पिकले आहेत. तिला सांगायचं काही उरलेलं नाही, तरी सांगतो, कारण माझं मृत्युपत्र आहे.

स्पीकरच्या कापडाभोवती जी धातूची किनार असते, ती साडीच्या काठासारखी असते. कोणी तिच्यासाठी स्पीकर विकत घेत नाही, पण ती गेली की स्पीकर दरिद्री दिसतो. ती काढताना घाई करू नये. पन्नास-साठ वर्षं एका वळणात राहिलेली पट्टी ओढून काढली तर ती सरळ होत नाही, नुसती चिडते. खोली गरम करावी, पातं आत सरकवावं, खिळा हलला की थांबावं. पोचा काढायचा तो मागून, लाकडावर ठेवून, आणि अर्धा काढून झाला की जेवायला जावं. जेवून आल्यावर उरलेला अर्धा लहान दिसतो.

आणि गिऱ्हाइकाचं ऐकू नये. जर्मनीहून एक गृहस्थ यायचे, दरवेळी म्हणायचे, "आरशासारखं चकचकीत करून द्या." मी विचारायचो, "साहेब, तुम्ही त्यात दाढी करणार का?" शेवटी ते मला मित्र म्हणू लागले, पण चकचकीत हवं हा हट्ट काही सुटला नाही. ते आता नाहीत. त्यांच्या बायकोनं एक खोकं परत पाठवलं आहे, ते दाराशेजारी आहे. त्याची खालची पट्टी राहिली आहे. ओर्नेल्ला, ती तू पुरी कर आणि पैसे मागू नकोस.

कलम पाच. रुसवे. माझ्या नावावर तीन आहेत. पहिला आतेओवर, माझी शिडी नेली म्हणून. शिडी त्याला माफ. दुसरा लूगोच्या एका सोनारावर. तो माझ्या धंद्याला "डब्यांना कल्हई" म्हणाला होता. तो मेला, तरी हा चालू ठेवावा. तिसऱ्याविषयी कलम सात पाहावं.

कलम सहा. दिर्चेसाठी आणखी. माझा रेडिओ, खिडकीजवळची खुर्ची आणि सकाळच्या पहिल्या कॉफीचा मान. तिने मला दिलेल्या सूचनाही परत करतो. बहुतेक न वापरलेल्या, नव्यासारख्या आहेत.

कलम सात. (बाई, खुर्ची हलवा.)

आतेओच्या वडिलांनी बासष्ट साली नाचघरासाठी फोर्लीहून दोन मोठी स्पीकरची खोकी आणली. उभ्या माणसाच्या डोक्यावर जातील एवढी, आणि भोवती चार बोटं रुंद धातूची किनार. मी तेव्हा झुरिकला कामाला होतो आणि दिर्चे बोलोन्यात मुलाम्याच्या कारखान्यात, म्हणजे नवी असताना ती खोकी आम्ही दोघांनीही पाहिली नाहीत. गावानं पाहिली होती. पण गाव तिथे नाचायला जायचं, किनार बघायला नव्हे. मी परत आलो तेव्हा लोक "सोनेरी स्पीकर" म्हणत होते. आतेओनं बापाच्या पश्चात दारावर पाटी लावली, "साला दोरो", म्हणजे सोन्याचं दालन. शेजारच्या गावांचे लोक सायकली हाणत बघायला यायचे.

मग चौऱ्याऐंशी साल आलं. त्या वसंतात दिर्चेचा नवरा एका बँडच्या गाणाऱ्या बाईबरोबर रिमिनीला निघून गेला. दिर्चे एक सुटकेस घेऊन घरी आली. जेवायची नाही, बोलायची नाही, "झालं का रे?" हेही विचारायची नाही. तिच्याकडे एकच गोष्ट राहिली होती, तिची नजर. बोलोन्यात तिनं वर्षानुवर्षं मुलामा तपासला होता. गावातल्या बायका आजीच्या बांगड्या, नवऱ्यानं दिलेल्या साखळ्या घेऊन यायच्या आणि विचारायच्या, "दिर्चे, खरं आहे का गं?" ती खिडकीशी नेऊन बघायची आणि सांगायची. तेवढ्यापुरती ती ताठ उभी राहायची.

ऑगस्टात सान रोक्कोचा उत्सव होता. आतेओ म्हणाला, "लिबेरो, लेका, स्पीकर जरा पुसून दे. मोठा बँड येतोय." मी दुपारी उजव्या खोक्यापासून सुरुवात केली. कोमट पाणी, साबण, थोडा अमोनिया, मऊ फडकं. फडकं कॉफीच्या रंगाचं झालं. पट्टी पांढरी झाली. मी घाबरलो. मग कोपऱ्याचा तुकडा खोलला आणि दुमडीच्या आत बघितलं, जिथे वारासुद्धा शिरत नाही तिथे. तिथेही पांढरीच. मुलाम्याचा कणही नव्हता, कधी नव्हताच.

तो सिगारेटचा धूर होता. बासष्टपासून दर शनिवारी अख्खं गाव त्या बंद दालनात धूर सोडत होतं आणि तो किनारीवर बसत होता, दरवर्षी थोडा जास्त सोनेरी. त्यातला बराचसा माझाच असणार.

मी तुकडा खिशात टाकला आणि सांगायला वळलो. पण तोवर लोक जमले होते. आतेओ डोक्याला हात लावून उभा. "सोनं काढलंस रे. माझ्या बापाचं सोनं काढलंस." कोणीतरी म्हणालं, "दिर्चेला विचारा, तिला कळतं." लोकांनी तिला पुढे केलं. ती डाव्या खोक्यापाशी गेली, वाकली, तिरकं बघितलं, नखानं जरा चाचपलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अस्सल मुलामा आहे. पातळ, पण अस्सल." आणि माझ्याकडे वळून, "लिबेरो, साबण जरा कमी आणि अक्कल जरा जास्त वापरायची होतीस."

सगळे हसले. तीही हसली. वसंतापासून पहिल्यांदा हसली. कोपऱ्याचा तुकडा माझ्या खिशात होता. मी तो खिशातच राहू दिला.

वाटलं होतं, हिवाळा संपला की सांगू. पण हिवाळ्यापर्यंत गावाची वाटणी झाली होती. डावीकडे बसणारे सोनेवाले, उजवीकडे बसणारे चांदीवाले. सोन्याकडच्या मुलीला चांदीकडच्या मुलानं नाचायला विचारणं म्हणजे धाडस मानलं जाऊ लागलं, आणि त्या धाडसातून लग्नं झाली, पोरं झाली. दिर्चे डावीकडची राखणदार. "याला कोणी हात लावायचा नाही," म्हणायची, आणि त्या दिवसानंतर स्वतःही कधी लावला नाही. तिच्यासारख्या नजरेच्या बाईला चूक कशी कळली नाही, याचं उत्तर त्यातच आहे.

माझ्यामागे मात्र एक काम लागलं. उजवं खोकं पुन्हा सोनेरी होऊ लागलं. माणसं धूर सोडायची थांबली नव्हती. आणखी काही वर्षांत दोन्ही खोकी सारखी दिसली असती आणि शेंबड्या पोरालाही कळलं असतं. म्हणून मी आतेओला म्हटलं, "वायरी तपासायला हव्यात, किल्ली देत जा." दर सोमवारी जायचो आणि उजवी किनार पुसून पांढरी करून यायचो. न केलेली चूक टिकवायलाही एवढी मेहनत लागते हे मला तोवर माहीत नव्हतं. पुढे सरकारनं बंद जागेत सिगारेट ओढायला मनाई केली. देशात पुष्कळांनी कुरकुर केली. मी एकट्यानं सुटकेचा श्वास सोडला. त्या वर्षापासून डाव्या खोक्यावरचं सोनं वाढायचं थांबलं, तेही कोणाच्या लक्षात आलं नाही.

मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. लग्नात अंगठ्यांचं तबक माझ्याजवळ आलं की कोणीतरी ओरडतंच, "लिबेरोच्या हातात देऊ नका." मी हसतो. घरी येऊन हसत नाही. कलम पाचमधला तिसरा रुसवा तो हाच, अख्ख्या गावावर. मी पट्ट्यांचं काम करणारा माणूस आहे. मुलामा आणि मळ यातला फरक मला कळत नाही, असं माझ्या धंद्यात माझ्याबद्दल म्हटलं जातं, आणि माझ्या खिशात उत्तर असतं. तर आता लिहून ठेवतो: मी, लिबेरो तांपिएरी, उजव्या खोक्याची किनार बिघडवलेली नाही. मी ती फक्त धुतली. हे कोणाला सांगू नये. कागदावर असलं की मला पुरे.

(बाई, आता उजवीकडे या.)

कलम आठ. मागाहून.

वरची सात कलमं मी गेल्या सोमवारी लिहून संपवली आणि कागद पॉलिशच्या फडक्यांखाली ठेवले. मंगळवारी ते गार्दिनीबाईंकडे नेले. त्यांनी चष्मा लावला, पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं, आणि विचारलं, "तांपिएरी, हे पेन्सिलीनं कोणी लिहिलंय?"

मी बघितलं. शुद्धलेखन तपासलेलं होतं. दिर्चेला चुकीचा शब्द दिसला की हात आवरत नाही. चर्चच्या दारावरच्या सूचनेतही ती स्वल्पविराम घालून येते.

"दुसऱ्याचं अक्षर आलं की हे बाद ठरू शकतं," बाई म्हणाल्या. "पुन्हा लिहावं लागेल. सगळं." मग त्या पुढे वाचत गेल्या. कलम सात संपल्यावर चष्मा काढून म्हणाल्या, "माझे आईवडील साला दोरोत भेटले. आई सोन्याकडची."

"माहीत आहे," मी म्हटलं. "म्हणून तर सांगत नाही कोणाला."

"पण तुमच्या बहिणीनं हेही वाचलं असेल ना?"

कलम सातचं पान मी खिडकीशी नेऊन बघितलं. घाईत लिहिलेलं, सगळ्यांत जास्त चुका त्याच पानावर. पेन्सिलीची एकही खूण नव्हती. ते वाचताना तिला शुद्धलेखन सुचलं नव्हतं.

मी घरी आलो. तिनं सारण भरलेले काप्पेलेत्ती केले होते, सूपमध्ये, एरवी नाताळाशिवाय करत नाही. बुधवार गेला, गुरुवार गेला, शुक्रवार गेला. "झालं का रे?" कोणी विचारलं नाही. पुन्हा चौऱ्याऐंशी सालासारखं झालं आणि मला कागद लिहिल्याचा पश्चात्ताप झाला. माझ्या नावाचं काय व्हायचं ते होवो, पण इतक्या वर्षांनी मी तिची नजर तिच्याकडून काढून घेतली होती.

शनिवारी ती माझ्याआधीच बाहेर पडली. मी साला दोरोत पोचलो तेव्हा बँडवाले वाद्यं लावत होते आणि लोक खुर्च्या ओढून बसत होते. दिर्चे चांगल्या कपड्यांवर स्वयंपाकाचा एप्रन बांधून, हातात बादली घेऊन आली.

"दिर्चे, फरशी पुसलीये गं," आतेओ म्हणाला.

"फरशी नाही पुसत."

ती डाव्या खोक्यासमोर गुडघ्यांवर बसली, फडकं पिळलं आणि खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. पहिल्यांदा कोणाला कळलंच नाही. मग सोनेवाल्या बायका एकेक करून उठल्या. आतेओ धावत आला. "अगं थांब. अगं बाई, थांब. काय करतेस?"

"आतेओ, बाजूला हो. भिजशील."

तिनं घाई केली नाही. खालची बाजू, मग डावी-उजवी, मग खुर्चीवर चढून वरची. खुर्ची ओर्नेल्लानं धरली होती. बँड गप्प झाला होता. फडकं कॉफीच्या रंगाचं, बादलीतलं पाणी कॉफीच्या रंगाचं, आणि किनार सगळीकडून पांढरी. उजव्या खोक्याची जुळी बहीण. मी चांदीच्या बाजूला बसून बघत होतो. मनात म्हटलं, आता ती सांगणार. सगळं गाव समोर आहे. एक वाक्य बोलली की मी सुटलो. आणि त्याच वाक्यात ती स्वतः बुडणार होती, आतेओची पाटी बुडणार होती, गार्दिनीबाईंच्या आईचा सोन्याकडचा रुबाबही. तिनं सांगू नये असं मला वाटत होतं आणि सांगावं असंही.

आतेओच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "गेलं," तो म्हणाला. "तेवढंच राहिलं होतं, तेही गेलं. दिर्चे, तूसुद्धा लिबेरो केलंस."

दिर्चे खुर्चीवरून उतरली. फडकं पिळलं. फरशीच्या पार पलीकडून माझ्याकडे बघितलं.

"काय करणार," ती म्हणाली. "भावावर गेलेय."

आधी बँडवाले हसले, मग सगळेच. सोनेवाले, चांदीवाले, सगळे तिला हसत होते, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची माझी बहीण बादली धरून त्या हसण्यात ताठ उभी होती. मला रडू आलं. ते लपवायचा मी प्रयत्न केला नाही. माझ्या हृदयाच्या झडपेमुळे असेल असं वाटून कोणीतरी पाणी आणून दिलं.

घरी येताना मी तिच्या उजव्या बाजूनं चाललो. विचारलं, "खरं का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? आतेओनं पाटीवर काय लिहिलं असतं, धुराचं दालन?" थोडं चालल्यावर म्हणाली, "आणि तू इतकी वर्षं ते ओढलंस, तेही एकट्यानं. किती जड आहे ते एकदा उचलून बघायचं होतं."

"मग?"

"जडच आहे. गाढवा, सांगायचं नाहीस का?"

"तू हसली होतीस," मी म्हटलं.

तिनं माझा हात धरला. घर येईपर्यंत सोडला नाही. तो तिनं पूर्वी कधी धरल्याचं मला आठवत नाही. आज रविवारी सकाळी ती पाव आणायला गेली आणि बराच वेळ आली नाही. परत आल्यावर म्हणाली, "बेकरीवाला म्हणतो, तांपिएरीबाई, तुमच्याकडून सुटे पैसे घेत नाही, घासून पांढरे केले असतील." इतकी खूश मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

सबब मी बाईंच्या सल्ल्यानं सगळं पुन्हा स्वच्छ उतरवलं आहे आणि बदल तेवढा इथे लिहितो. कलम सात कोणाच्याही, कोणत्याही कानात वाचू नये. ते बाईंच्या कपाटात असू द्यावं. खुर्ची हलवायची गरज राहिलेली नाही.

माझ्या मिळकतीत एक बदनामी होती. ती मी इतकी वर्षं एकट्याच्या नावावर धरून चाललो होतो. काल संध्याकाळपासून ती आम्हा भावाबहिणीच्या संयुक्त मालकीची झाली आहे, त्यामुळे तिची वेगळी वाटणी करता येत नाही. माझ्या पश्चात ती संपूर्णपणे दिर्चेकडे जावी. लोरिसने किंवा अन्य कोणी तिच्यावर हक्क सांगू नये. मात्र झडप नीट बसली आणि मी राव्हेन्नाहून चालत घरी आलो, तर माझा अर्धा हिस्सा मी तिच्याकडून परत मागून घेईन.

यापूर्वीचा पेन्सिलीच्या खुणांचा कागद मी फाडून टाकला आहे. हा शेवटचा.

बोर्गो सेल्वा, रविवार, १७ मार्च २०१९

लिबेरो तांपिएरी
(सही)

साक्षीदार:

१. ओर्नेल्ला गॉत्ती. सगळं वाचून सही केली. खालची पट्टी पुरी करते.

२. आतेओ बाबीनी. वरचा मजकूर झाकून सहीपुरती जागा दाखवली, तरी सही केली, कारण लिबेरोवर माझा विश्वास आहे. शिडी उद्या आणून देतो.